मशीन बरोबर होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं जीभ वळते आहे—असं असेल का? असेल. तेवढा भित्रेपणा आधीच कबूल करून टाकतो.

गोष्ट माझ्या मुलीची आहे. अनुजाची. बारावीनंतर तिला शिकायला लांब जायचं होतं, आणि ती गेली नाही. पाहुण्यारावळ्यांत सगळ्यांना माहीत आहे की ती वडिलांच्या तब्येतीमुळे गेली नाही. तेही खरंच आहे. फक्त—नाही, असं एकदम नको. आधी मी काम काय करतो ते सांगतो. त्याशिवाय मी काय केलं ते नीट कळणार नाही.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत मी माल तपासायला असतो. ओतून, कापून, घासून आलेलं कास्टिंग माझ्या टेबलावर येतं. मी मोजतो. माप बसलं तर पुढं, नाही तर बाजूला. केसभर फरक मी सोडत नाही. मशीनवरची पोरं कावतात, "घ्या की ओ साहेब, एवढ्यानं काय गाडी पलटी हुणार हाय?" मी घेत नाही. मोजायचं हत्यार जरा तिरकं धरलं, हात जरा सैल सोडला, की हवं ते माप येतं—हे मला चांगलं माहीत आहे. नवीन पोरगा आला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगतो, मापात गडबड निघाली तर हत्याराला दोष देऊ नको, आधी स्वतःचा हात बघ.

तर असा मी. आता अनुजा.

तिला लहानपणापासून दगडांचं वेड. माझी बायको सुनंदा शाहूवाडीकडची. तिच्या माहेरी भाताच्या खाचरांच्या वर जांभ्याचं पठार आहे. तिथून ही पोरगी फ्रॉकचे खिसे भरभरून दगड आणायची. अकरावीत तिनं शोधून काढलं की पृथ्वीच्या अभ्यासासाठी एक चांगली संस्था आहे, पण ती देशाच्या पार पलीकडच्या टोकाला. रेल्वेनं जवळजवळ दोन दिवस. सुनंदा म्हणाली, "दगडं शिकायला एवढ्या लांब? आमच्या शाहूवाडीत काय कमी हाईत व्हय?" अनुजा म्हणाली, "तिथली दगडं मला ओळखत्यात, मम्मी. मला अनोळखी बघायची हाईत."

अभ्यास तर ती करायचीच. पण तिची खरी तयारी वेगळी होती, आणि ती बघण्यासारखी होती. घरात वॉशिंग मशीन असून ती स्वतःचे कपडे हातानं धुवायला लागली. वाळत घातल्यावर पिळे तसेच राहायचे, पण धुवायची. मेसच्या जेवणाची सवय व्हावी म्हणून तिनं तिखट सोडलं. रविवारी आम्ही तांबडा रस्सा ओरपत असताना ही दही-भात घेऊन बसायची. सुनंदा कपाळाला हात लावायची. अनुजा आईशी हिंदीतून बोलायची—"मम्मी, मेरेको भाकरी होना"—आणि दोघी हसून लोळायच्या. एकटीनं प्रवास जमतो का बघायला ती एसटीनं गडहिंग्लजला माझ्या बहिणीकडं, अक्काकडं, गेली. आम्हाला बजावून गेली, "पोचल्याशिवाय फोन करणार न्हाई. तुम्हीपण करायचा न्हाई."

क्लास सुटला की मी तिला स्कूटरवरून घरी आणायचो. मागं बसून ती बोलत राहायची. रंकाळा तळ्याकाठच्या वाऱ्यात अर्धं ऐकू यायचं, अर्धं उडून जायचं. पप्पा, माझं हिंदी ऐकून हसतील का? हसू देत. खोलीतली दुसरी पोरगी घोरत असली तर? तू काय कमी घोरतीस? एकदा मात्र माझ्या कानाशी वाकून ती म्हणाली, "पप्पा, तिकडं जाऊन मी बदलीन का हो?"

मी म्हणालो, "बदलायलाच जायचं असतंय, बाळा."

हे उत्तर मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी कंपनीत चहाच्या वेळी मी ते सगळ्यांना सांगितलं. मुलगी लांब शिकायला जाणार, आणि बाप स्वतः तिला पाठवणार—हे मी फार लोकांना सांगितलं होतं. तिची प्रवेश परीक्षा झाली, जागा मिळाली, तेव्हा पेढेही मीच वाटले. म्हणजे 'जाऊ नको' म्हणायची वाट मी स्वतःच बंद करून ठेवली होती. आणि मला—आता लिहितोच—तिनं जाऊ नये असं वाटत होतं.

का? तिच्या काळजीनं? तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती नीट राहिली असती, याची मला खात्री होती. भीती माझी होती. बारावी संपली, क्लास संपला, आणि मी एमआयडीसीच्या बसमधून उतरून सरळ घरी येऊ लागलो. कुणाला आणायचं नव्हतं. त्या दिवसांत तिच्या डोक्यात फक्त तिकडचं होतं. मी घरात आलो-गेलो, तिचं लक्ष नसायचं. मला वाटलं, हे असंच आता. इथून पुढं असंच.

मला थोडा रक्तदाब आहे. रोज अर्धी गोळी, बाकी काही नाही. घरी मोजायचं मशीन आणलं होतं आणि ते काम अनुजानं स्वतःकडं घेतलं होतं. एक दिवस संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीचा बॉल अडकला म्हणून मी दोनतीनदा वर-खाली केलं. तेवढ्यात तिनं हाक मारली. मी धापा टाकतच बसलो, तिनं पट्टा बांधला. एकशे अठ्ठावन्न. नेहमी एकशे तीसच्या आत असणारा माणूस मी.

तिचा चेहरा उतरला. मी जिना चढून आलोय हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी नाही सांगितलं. ती माझं मनगट धरून बसून राहिली. जेवणं होईपर्यंत बाजूनं हलली नाही, फोनसुद्धा हातात घेतला नाही.

मला बरं वाटलं.

वर हे तीन शब्द लिहिलेत, ते लिहायला मला चार वर्षं लागली.

पुढचं आता भरभर सांगतो, नाहीतर थांबेन. मशीनच्या खोक्यात एक सूचनापत्रक होतं. मोजण्याआधी काय करू नये, ते त्यात लिहिलेलं. जिने चढू नयेत. चहा घेऊ नये. लघवी तुंबवून बसू नये. मोजताना बोलू नये. हात छातीच्या खाली लोंबता ठेवू नये. मी ते आयुष्यभराच्या सवयीनं नीट वाचलं. आणि जे जे करू नये म्हणून लिहिलं होतं, ते ते केलं. बसमधून उतरल्यावर टपरीवर कडक चहा घ्यायचा. घरात शिरायच्या आधी बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर जाऊन यायचं—'टाकी बघून आलो.' मग खुर्चीत बसून हात खाली सोडायचा. ती म्हणायची, "पप्पा, हात वर ठेवा की." मी ठेवायचो, आणि तिचं लक्ष पट्ट्याकडं गेलं की पुन्हा खाली. गोळी बेसिनमध्ये सोडून द्यायचो. मशीन बरोबर होतं. ते जे दाखवत होतं ते त्या क्षणी माझ्या अंगात खरोखरच होतं. मीच ते चढवून आणत होतो.

सुनंदानं डॉक्टरांकडं पिटाळलं. आधी चार दिवस गोळी नीट घेतली आणि मी एकटाच गेलो. त्यांनी मोजलं, म्हणाले, उत्तम आहे, काही काळजी नाही. घरी येऊन मी सांगितलं, "लक्ष ठेवायला सांगितलंय. ताण घेऊ नका म्हणाले." इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की या सगळ्यात तोंडानं खोटं मी एवढं एकदाच बोललो. बघा कसा हिशेब असतो माणसाचा.

आणि याहून वाईट पुढं आहे. अनुजा विचारात पडलेली दिसायला लागली तसा मी तिला जा म्हणायला लागलो. हो, जा. अक्का आलेली असताना, शेजारचे बसलेले असताना, मोठ्यानं. "माझं काय घेऊन बसलीस? तू जा. मी काय एवढ्यात मरतोय व्हय?" मरण्याचं नाव मीच काढलं. अठरा वर्षांच्या पोरीपुढं. अक्कानं डोळ्याला पदर लावला. मला बाप म्हणून मोठेपणाही हवा होता आणि मुलगीही घरात हवी होती. नाही म्हणण्याचं काम मी तिच्याकडून करून घेतलं.

एका रविवारी सकाळी मी मटण घेऊन आलो तेव्हा ती लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पप्पा, मी हितंच घेते ॲडमिशन."

मी म्हणालो, "असं कसं? मिळालेली जागा सोडतंय व्हय कोण?"

"सोडत्यात की." मग ती हसली. "दगडं काय पळून जाणार हाईत? कोट्यवधी वर्षं थांबल्यात, अजून जरा थांबतील."

तेव्हा बोलता आलं असतं. हातात मटणाची पिशवी होती, समोर ती एकटीच होती, सुनंदा अंघोळीला गेलेली. तेव्हा एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. मी म्हणालो, "तुझी मर्जी बाळा." तिची मर्जी! आणि त्या दिवशी तिनं बऱ्याच दिवसांनी तांबडा रस्सा घेतला. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, सुनंदा म्हणाली सवय मोडली बघ. मी ताटात बघत राहिलो.

तिकडची फी भरायची मुदत संपली. मग आकडे मी हळूहळू उतरवले. एकदम उतरले असते तर संशय आला असता.

अनुजानं इथंच बीएस्सी केलं. आता आमच्याच एमआयडीसीतल्या दुसऱ्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये ती साच्याची वाळू तपासते. "दगडाचीच पिल्लं," म्हणते. आम्ही सकाळी एकाच बसनं जातो. ती सुखात आहे, असं मी इथं लिहिलं होतं. खोडलं. ती हसते, बोलते, पगारातून आईला साडी घेते—एवढं मला दिसतं. बाकीचं मी तिला कधी विचारलेलं नाही. कसं विचारणार?

मग हे आत्ताच का लिहितोय?

मागच्या महिन्यात अक्का गडहिंग्लजहून आली होती. बरोबर तिची श्रेया. श्रेया बारावीला आहे, हुशार आहे, चित्रं सुरेख काढते. तिला डिझाईन शिकायला बेंगळुरूला जायचंय. ती अनुजाला चिकटूनच बसली. "ताई, तू कशी तयारी केलतीस? सगळं सांग." आणि अनुजानं खरोखर सगळं सांगितलं. कपड्यांचे पिळे, दही-भात, मेरेको भाकरी होना. दोघी खिदळत होत्या. मी समोरच पेपर घेऊन बसलो होतो आणि मलाही हसू येत होतं.

मग अनुजा म्हणाली, "आणि एक सांगू? हे सगळं नंतर. पहिलं आईबापाच्या तब्येती बघायच्या. मला ते शेवटी कळलं. तू आधी बघ."

आवाजात कुरकुर नव्हती. टोमणाही नव्हता. मोठी बहीण धाकटीला रस्ता ओलांडताना हात धरायला सांगते, तशा सहज आवाजात ती बोलली. मी जे तिच्याशी केलं, त्याचा तिनं प्रामाणिकपणे काढलेला अर्थ होता तो. आता ती तो दुसऱ्या मुलीच्या हातात देत होती.

श्रेया स्वयंपाकघराकडं बघून हळूच म्हणाली, "आईची शुगर हाय की गं, ताई."

"मग बघ तूच."

श्रेयानं माझ्याकडं बघितलं. "मामा, तुम्हाला काय वाटतंय?"

पेपर मांडीवर होता. दोघी पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. चार वर्षांत कुणी मला इतकं सरळ विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "जेवायला चला, निवतंय."

काल अक्काचा फोन आला. श्रेयानं बेंगळुरूचा नाद सोडला म्हणाली. गडहिंग्लजलाच कॉमर्सला जाते म्हणते. अक्काला रडू येत होतं आणि ती हसतही होती. "तुझ्या अनुजानं शहाणी केली बघ माझ्या पोरीला," म्हणाली. शेजारीच अनुजा डबा भरत होती. "काय म्हणत्यात आत्या?" असं तिनं खुणेनं विचारलं.

मी फोनवर म्हणालो, "बरं झालं."