पंचेचाळीस पन्ह्याचा पडदा

आप्पा सोमवारी गेले. तेराव्यानंतर मी कामाला बसले, तेव्हा कळलं, की मला एका वेळी दोन कागद वाचता येत नाहीत.

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण गेली चौदा वर्षं माझं पोट त्यावरच चालतं. हजीऱ्याकडच्या कारखान्यांत कामगारांसाठी सुरक्षेच्या पुस्तिका निघतात. टाकीत कसं उतरावं, वायू गळला तर काय करावं, असल्या. त्या गुजरातीत लिहिलेल्या असतात आणि मी त्यांचं मराठी करते, कारण तिथे काम करणाऱ्यांत आमच्या खानदेशातली माणसं पुष्कळ. मराठी करणं सोपं. अवघड असतं ते केलेलं तपासणं, आणि ते आप्पा करायचे.

आप्पा बमरोलीच्या एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात कापड तपासत. काचेखाली ट्यूबलाइट, काचेवरून सरकणारं कापड, आणि समोर आप्पा. निवृत्तीनंतर ते माझ्या शेजारी बसून मूळ गुजराती मोठ्याने वाचायचे आणि मी माझ्या मराठीवरून बोट फिरवायची. एखादं वाक्य माझ्याकडून सुटलेलं असलं, की मिलमधल्यासारखंच ते म्हणायचे, "भोक." बस्स, एवढंच. आम्ही बापलेक दोघंही कमी बोलणारे.

ते गेल्यावर मी लॅपटॉपवर एकदा गुजराती उघडायची, एकदा मराठी. एकावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत पहिलं विसरलेलं असायचं. (मी कविता पाठ म्हणू शकते. पण झडपेला लागून येणारं क्रियापद माझ्या डोक्यात चार सेकंदही टिकत नाही.) परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांच्याकडून काम येतं त्या देसाईभाईंचा फोन आला.

"नंदाबेन, वायू गळला तर वाल उघडा असं लिहिलंय तुम्ही."

"मग?"

"बंद करायचाय."

(वाल म्हणजे झडप, व्हॉल्व्ह.) छपाईच्या आधी त्यांच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं. पुढची पुस्तिका टाकीत उतरण्याची होती आणि ती दोन आठवड्यांनी सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती. "आता परत असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बेन, काम गयुं तो गयुं. पण माणस जाय तो?"

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी मी ठरवलं, की आप्पांच्या जागी यंत्र आणायचं.

लॅपटॉपला जोडायचा एक लांबलचक, आतल्या बाजूला वाकलेला पडदा मिळतो म्हणे. त्यावर दोन पानं शेजारी शेजारी उघडी राहतात. मी पुस्तकी बाई. कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्याबद्दल वाचते. मी आठ दिवस वाचलं आणि आठव्या दिवशी मला पहिल्या दिवसापेक्षा कमी कळत होतं. पडद्याच्या बाकाला आकडा असतो: हजार, पंधराशे, अठराशे. मी समजले, अठराशेवाला सगळ्यात वाकडा. तर तो सगळ्यात सरळ. तो आकडा म्हणे वर्तुळाच्या त्रिज्येचा. पुढे एका ठिकाणी लिहिलं होतं, की वाकलेल्या पडद्यामुळे डोळ्यांना आराम मिळतो. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, की सरळ ओळी वाकड्या दिसतात. तिसऱ्या ठिकाणी एका माणसाने लिहिलं होतं, की हा पडदा घेतल्यापासून त्याचं आयुष्य बदललं, पण कुठल्या बाजूला ते त्याने लिहिलं नव्हतं.

म्हणून मी नानाकाकांना बरोबर घेतलं. ही पहिली चूक.

नानाकाका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. कतारगामला कापडाच्या कारखान्यात मास्तर होते. खिशात अजून मोजपट्टी असते. दुकानात शिरताच त्यांनी ती काढली आणि चौतीस इंच असं लिहिलेल्या पडद्याला आडवी लावली.

"एकतीस भरतो," ते म्हणाले.

दुकानदार तरुण होता, गुजराती होता आणि तोवर हसतमुखही होता. "काका, असं नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायचं. तिरपं."

"तिरपं?"

"हा, तिरपं."

"मी तिरपं मोजून कापड विकलं असतं ना भाई, तर आज तू माझ्या दुकानात नोकरी केली असतीस."

मी काकांना हळूच म्हटलं, सगळं जग असंच मोजतं. ते म्हणाले, जग काय करतं ते मला सांगू नको, पन्हा कितला शे ते सांग. (कितला शे म्हणजे किती आहे, आणि पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. आमच्या घरात माणसाची उंची विचारतानाही हाच शब्द तोंडात येतो.) मग त्यांनी पडद्याच्या वरच्या कडेवरून नजर टाकली, एक डोळा मिटून, आणि त्यांचा चेहरा पडला.

"नंदा, हाऊ ते वाकडा शे."

"काका, तो वाकडाच असतो."

"सेकंडचा माल दाखवतोय आपल्याला. दुसरा काढ रे."

दुकानदाराने दुसरा काढला. तोही वाकडा. तिसरा काढला. तो जास्त वाकडा होता. काकांनी दुकानदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने सांगितलं, "बेटा, तुझा सगळा लॉटच बिघडलाय. वर कळव."

मी त्रिज्येबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण माझी त्रिज्या मलाच नीट कळली नव्हती. त्यामुळे चर्चेचा निकाल पन्ह्यावर लागला. काकांच्या मते साडीचा पन्हा चव्वेचाळीस असतो आणि त्याखालची कुठलीही वस्तू म्हणजे रुमाल. दुकानात असा एकच पडदा होता, जो काकांच्या पट्टीला आडवा चव्वेचाळीसच्या वर भरला. पंचेचाळीस. त्यावर एकोणपन्नास लिहिलं होतं, ते काकांनी दुर्लक्षिलं. मीही मान डोलावली. मला तोवर फक्त घरी जायचं होतं.

घरी तो माझ्या खोलीत गेला नाही. म्हणजे दारातून गेला, पण टेबलावर बसेना. त्याचे पाय एवढे पुढे आले, की माझं नाक आणि पडदा यांत एक कळफलकही मावला नसता. म्हणून तो बैठकीत, जेवणाच्या टेबलावर ठेवला. ही दुसरी चूक.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"नंदे, हे काय आणलंस?"

"कामाचं आहे, आई."

"टीव्ही आणलास."

"टीव्ही नाही."

"आप्पांना वर्ष नाही झालं. अजून लोक दुखवट्याला बसायला येतायत. काय म्हणतील? बाप गेला आणि पोरीने हौस केली."

दुःखाच्या वर्षात घरात हौसेची वस्तू आणायची नसते. हे मला माहीत होतं. पण हौस कशी दिसते आणि काम कसं दिसतं, यातला फरक पंचेचाळीस इंचांतही दाखवता येत नाही, हे माहीत नव्हतं. आईने त्यावर पांढरी चादर टाकली. त्यामुळे तो टीव्हीसारखा दिसायचा थांबला आणि झाकून ठेवलेल्या टीव्हीसारखा दिसू लागला.

शनिवार-रविवार मी चादर उचलून काम केलं. डावीकडे गुजराती, उजवीकडे मराठी, मधे मी. डावीकडचं वाक्य वाचून मान उजवीकडे नेईपर्यंत वाक्य वाटेत सांडत होतं. पूर्वी मी एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना विसरायची. आता एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना विसरू लागले. प्रगती झाली होती, पण फक्त मानेची. रविवारी संध्याकाळी पुस्तिका पूर्ण झाली आणि ती बरोबर आहे की नाही, हे मला सांगता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी नंदुरबारहून आत्या आली, आप्पांची बहीण. तिला आणायला तिचा मुलगा सुनील गेला होता. तो इथेच राहतो, हजीऱ्याला पाइपांचं काम करतो. नानाकाका होतेच. आत्या दारातच रडली, आई रडली, मग आत्याने डोळे पुसले आणि विचारलं, "वहिनी, हाई काय शे?"

आई आयुष्यात खोटं बोलली नाही. त्यामुळे तिला सराव नव्हता.

"यांचा फोटो," ती म्हणाली.

सगळे चादरीकडे बघू लागले. आईने माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलमधला आप्पांचा फोटो पडद्यावर घेतला, घाईत काहीतरी दाबलं आणि चादर काढली. फोटो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला गेला होता. आप्पा जन्मभर काडीसारखे. आता त्यांचे गाल दोन्ही कोपऱ्यांना टेकले होते आणि खांदे तर चौकटीबाहेर गेले होते. मिलच्या मालकाचंही कधी असं अंग भरलं नव्हतं.

मी तो नीट करायला धावले. पण आत्याने हात जोडले होते.

"मन्हा भाऊ," ती म्हणाली, "शेवटी तरी अंगाने भरला."

मग मला तो बारीक करायचा धीर झाला नाही. आईने हार घातला. पडदा वाकलेला असल्यामुळे हार दोन टोकांना लटकून मधे अधांतरी राहिला. काकांनी तो बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. लॉट बिघडलेला आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. उदबत्ती लावली. सगळे समोर चटईवर बसले.

दहा वाजले. अकरा वाजले. एक उदबत्ती विझायच्या आत आई दुसरी लावत होती. मला पाचपर्यंत पुस्तिका पाठवायची होती आणि ती आप्पांच्या मागे होती. दुपारी दोनला मी उठून म्हणाले, "आत्या, मला आप्पांना जरा बाजूला करावं लागेल."

असं वाक्य मी पुन्हा कधी बोलणार नाही.

"उदबत्ती चालू आहे," आई म्हणाली. "फोटो हलवायचा नाही."

शेवटी तोड निघाली. पडदा तेवढा लांब होताच. आप्पांना मी मधे ठेवलं, त्यांच्या मूळ मापात. डावीकडे गुजराती, उजवीकडे मराठी. आणि मी टेबलाला वळसा घालून बसायला जाते, तर समोर जागाच नव्हती. सगळे तिथेच बसलेले आणि आत्या सोडून सगळे वाचत होते.

"निःसारण झडप," सुनील मोठ्याने म्हणाला. "ताई, ही काय असते?"

"ड्रेन वाल."

"मग वालच लिही ना. मी आठ वर्षं रोज फिरवतो. झडप फिरवतोय, हे मला कोणी सांगितलंच नाही."

"शुद्ध शब्द आहे तो," मी म्हणाले.

"असू दे. टाकीत पडल्यावर माणूस शुद्ध ओरडत नाही."

काका हसले. बहुधा आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. मग तेही पुढे सरकले आणि 'प्रतिबंधात्मक' या शब्दाचा पन्हा फार आहे म्हणाले. आत्याला वाचता येत नाही. तिने सगळं मोठ्याने वाचून घ्यायला लावलं आणि जिथे तिला कळलं नाही तिथे "परत" म्हणाली. मी उभ्याने बदल करत होते आणि मनातल्या मनात चिडत होते. चौदा वर्षांचा माझा अनुभव, आणि माझ्या वाक्यांना बैठकीतली चटई दुरुस्त करत होती.

सुनील एकदम थांबला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे.

"ताई. तुझ्या मराठीत माणूस आधी टाकीत उतरतो आणि मग आतला वायू तपासतात."

मी वाचलं. गुजरातीत तिसरी पायरी होती ती माझ्याकडे चौथी झाली होती, चौथी होती ती तिसरी. मी दोन दिवसांत ते पान सहा वेळा तपासलं होतं.

"आमच्याकडे एकजण असाच उतरला होता," सुनील म्हणाला. आईने आणखी एक उदबत्ती लावली आणि ती कुणासाठी, ते कोणी विचारलं नाही.

मी पायऱ्या बदलल्या. त्या सगळ्यांनी आणखी दोनदा वाचून घेतल्या. साडेचारला पुस्तिका गेली.

चार दिवसांनी देसाईभाईंचा फोन आला. "बेन, यावेळी तर आमच्या माणसांना एका वाचनात समजलं. कुणाकडून तपासून घेतलं?"

"बसायला आलेल्यांकडून," मी म्हणाले.

काम माझ्याकडेच राहिलं. पडदाही बैठकीतच राहिला. देसाईभाईंनी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर अनुवादक म्हणून माझ्या एकटीचं नाव छापलं. नानाकाकांच्या मते आता पुस्तिकेत तेवढी एकच चूक उरली आहे.