आपट्याचं जेवण आणि माझं पोट

पोट फुगलं की मला बसवत नाही. उठते, फेऱ्या मारते, नाडी सैल करते, पुन्हा बसते, पुन्हा उठते. पनवेलच्या ऑफिसात माझ्या या येरझारा सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. डब्यातली चपाती खाल्ली की तासाभरात पोट टम्म, आणि पाव खाल्ला तर त्याच्याही आधी.

जितकी तोंडं तितकी निदानं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, दूध पचत नसेल. कुणी तळोज्याच्या कारखान्यांच्या हवेला दोष दिला. नवरा म्हणाला, "तू जेवत नाहीस, गिळतेस." डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर असेल, गहू असेल, लहान आतड्यात नको ते जंतू वाढले असतील, किंवा आतडं नुसतंच चिडकं असेल, एकेक तपासून बघू. एकेक तपासण्याइतका धीर माझ्यात कुठला? त्याच दिवशी मी घरातलं गव्हाचं पीठ शेजारणीला देऊन टाकलं.

पोट शांत झालं. पण रविवारी आपट्याला, माझ्या माहेरगावी, आईकडे जेवून आले की संध्याकाळी पुन्हा तेच.

आई तिथे एकटी राहते. माहेरी रोजची भाकरी तांदळाची, चपाती पाहुण्यांसाठी. मी लग्न होऊन पनवेलला गेले तेव्हापासून ती माझ्यासाठी चपात्या लाटते. मी नको म्हटलं तेव्हा तिचं तोंड उतरलं.

"माझ्या हातचा आता नाय आवडत तुला?"

मग तिने भाकऱ्या थापल्या. कालवण, वरण, ताक. गव्हाचा कण नाही, आणि तरी पोट फुगायचं. सांगायलाही वाईट वाटतं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली, की आईच्या घरातच काहीतरी आहे. पाणी असेल, तेल असेल, नीट न घासलेली भांडी असतील. मी रविवार टाळू लागले. ऑफिसचं काम आहे म्हणून सांगायचे. ती फोनवर नुसतं "बरा" म्हणायची आणि मला दिवसभर काही सुचायचं नाही.

शेवटी न राहवून गेले. ती ताकात हिंग घालत होती. वरणात हिंग, ताकात हिंग, पोट फुगलं की कोमट पाण्यात हिंग आणि वर बेंबीभोवती हिंगाचा लेप. माहेरी पोटाला दुसरं औषधच नाही; पनवेलला मी हिंग वापरतच नाही. ओट्यापाशी घुटमळताना हाताला चाळा म्हणून मी डबी उचलली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. गव्हाचं पीठ. हिंग थोडा, बाकी पीठ!

मी मोठ्याने हसले आणि तिला सांगून टाकलं. माझ्या जिभेला हाड नाही.

आई हसली नाही. "म्हंजे तुझा दुखत होता, तवा मीच तुला आनखी देत होते?"

"एवढ्याशा पिठानं होईलच असं नाही गं," मी म्हटलं, "दुसरंही कारण असेल." ते खरंही होतं. पण तिला ऐकू गेलं नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला.

डॉक्टरांकडे गेले तर आगीतून फुफाट्यात. परस्पर गहू बंद केल्याबद्दल त्यांनी झापलं. गहू पोटात जात नसेल तर रक्तात काही दिसणार नाही, म्हणाले. आता काही आठवडे रोज गहू खायचा, मग तपासणी.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मंग हितं ये. तितं एकटी नको दुखना काढू." नवरा घरात असताना मी एकटी कशी, हे मी विचारलं नाही. सुट्टी टाकली आणि गेले.

तिने चपाती लाटली, तूप लावलं, ताटात ठेवली आणि समोर बसली. मी एक घास खाल्ला, की ती माझ्या पोटाकडे बघायची. मला हसू येईना, धड जेवताही येईना. दुखेल तेव्हा दुखेल, पण तिचं ते बघणं सोसवत नव्हतं. मी भराभर खाऊ लागले.

जन्मभर मला "आनखी एक घे" म्हणणाऱ्या माझ्या आईने चपात्यांचा डबा आपल्या पाठीमागे सरकवला.

"पुरे कर, बाय," ती म्हणाली. पहिलीच चपाती माझ्या ताटात अजून अर्धी होती.