ओरिजिनल मागणारी कंपनी

बदलापूरला शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगखाली बाबांनी माझी बॅग रिक्षात ठेवली आणि शेजारच्या काकांना ऐटीत सांगितलं, "बेंगळुरूला चालली. बारावीनंतर डायरेक्ट प्रोग्रामर!" मी मान वर केली नाही. मला कुठे जायचं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुण्याला विद्यापीठात कम्प्युटरच्या डिग्रीला माझा नंबर लागला होता. त्याच आठवड्यात बेंगळुरूच्या एका कंपनीनं बारावीच्या मुलांना नोकरी देण्यासाठी घेतलेल्या परीक्षेतही मी पास झाले. मी बाबांना स्पष्ट सांगितलं, मला शिकायचंय. बाबा अंबरनाथच्या फॅक्टरीत ऑफिसर. लेटरहेडवर छापलेलं सगळं त्यांना खरं वाटायचं. कंपनीनं ओरिजिनल मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट मागवलं. ओरिजिनल मागतात म्हणजे कंपनी पक्की, हे त्यांचं गणित. मला न विचारता त्यांनी कुरिअर करून टाकलं.

ॲडमिशनला निघायच्या सकाळी फाइल उघडली, तर आत नुसत्या झेरॉक्स.

"अगं, देतील की परत. कंपनीचा तीन वर्षांचा बॉन्ड संपला की," बाबा म्हणाले.

झेरॉक्सवर ॲडमिशन देत नाहीत, हे ऑफिसरला कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं?

आज इतक्या वर्षांनी मी इथे बेंगळुरूत टीम सांभाळते. तरी कुणी कॉलेज विचारलं की मी विषय बदलते. मी शिकवलेली पोरं डिग्रीच्या जोरावर माझ्या वरच्या पोस्टवर जाऊन बसली. रूममेट म्हणते, सोड ना यार, जॉब तर मिळाला. नाही सोडणार.

त्याहून संताप येतो तो बाबांच्या बोलण्याचा. गेल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर पुन्हा तेच. "आम्ही कधी जबरदस्ती केली नाही. हिनंच ठरवलं."

"तुम्ही ठरवलंत, बाबा. मला डिग्री करायची होती."

"मग तेव्हा बोलायचंस ना!"

"बोलली होती ती," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "रडून सांगत होती. मी ऐकलं होतं."

फराळाच्या बशा तशाच राहिल्या. इतकी वर्षं मी समजत होते की आईच्या कानावर काही गेलंच नसेल.

बदलापूर सोडलेल्या मैत्रिणी विचारतात, घरची आठवण येते का? येते, आणि डोकं फिरतं. त्या दिवाळीनंतर मी दोनदा घरी जाऊन आले. ऐकलं होतंस तर तेव्हा गप्प का बसलीस, हे आईला विचारायचंच, असं ठरवून गेले. दोन्ही वेळा तिनं ताट वाढलं आणि मी जेवून परत आले.