एल्वुडची पाठ केलेली वाट

अमेरिकेतल्या एरी सरोवराकाठच्या त्या गावात एल्वुड ह्रुस्का हा एकुलता एक न्हावी. दुपारी तो दुकानाला कुलूप घालायचा आणि समोरच्या बोलिंगच्या हॉलमध्ये जाऊन नाणं टाकून खेळायच्या चक्रव्यूहाच्या यंत्रापुढे उभा राहायचा. पडद्यावर पिवळा गोळा ठिपके खात पळायचा, मागे चार भुतं. बाकीची मंडळी भुतांना भिऊन खेळत. एल्वुड त्यांच्याकडे बघतही नसे. यंत्रातली भुतं बसवलेल्या नाटकासारखी असतात. तुम्ही दर वेळी तेच वळण त्याच क्षणी घेतलंत, तर तीही दर वेळी तिथेच फसतात. ही सबंध वाट एल्वुडने हाताला पाठ करून ठेवली होती. वस्तऱ्याच्या हाताने दांडी फिरवायची, दुसऱ्या हाताने सँडविच खायचं. जेवण संपे, एका नाण्यातला खेळ संपत नसे.

हॉलची मालकीण बर्नाडीन एकदा म्हणाली, "एल्वुड, तू इथे खेळतोस की भाड्याने राहतोस?"

"सँडविच तुझ्याकडूनच घेतो ना."

"आणि मोहरीची बाटली रिकामी करतोस."

शेवटी एका सोमवारी तिने यंत्रवाल्याला बोलावून आतली चिप गुपचूप बदलून घेतली. भुतांची चाल किंचित बदलली, डोळ्यांना कळेल इतकी नाही. तेव्हा बरेच हॉलवाले हेच करत, बोलत कुणी नसे.

मंगळवारी एल्वुड पहिल्याच कोपऱ्यात मेला. पुन्हा मेला. तिसऱ्यांदाही तिथेच. त्याने सँडविच खाली ठेवलं आणि आपल्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. त्याचे वडीलही न्हावी. त्यांच्या हाताचा नेम असाच न सांगता गेला होता आणि ते कळलं चर्चच्या फादरचा कान कापला गेला तेव्हा.

बुधवारी दुकानावर पाटी लागली : केस कापले जातील. दाढी बंद.

रविवारी बर्नाडीनचा नवरा क्लेम चर्चला निघाला, तो कापलेल्या गालांवर कागदाचे कपटे चिकटवून. जन्मात त्याने स्वतःची दाढी केली नव्हती.

"एल्वुडचा हात गेला," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"एल्वुडच. तुझ्या यंत्राने सांगितलं म्हणे त्याला. दुकान विकून लेकीकडे फ्लोरिडाला चाललाय."

सोमवारी सकाळी बर्नाडीन अ‍ॅप्रनसकट रस्ता ओलांडून गेली. एल्वुड वस्तरे फडक्यात गुंडाळत होता.

"एल्वुड, यंत्राची चिप मी बदलून घेतली. तू हरलास त्याच्या आदल्या दिवशी."

त्याचं गुंडाळणं थांबलं. "म्हणजे मी चुकलो नाही."

"तू नाही. भुतं चुकली."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर कमी खेळला असतास?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"जुनी चिप परत बसवते."

"ते नंतर. आधी क्लेमला पाठव."

क्लेम आला, खुर्चीत बसला, मान मागे टाकली. एल्वुडने फेस लावला, वस्तरा गळ्याशी आणला आणि तिथेच थांबला. एरवी तो रस्त्याकडे बघत गप्पा मारत दाढी करायचा. आज तो गळ्याकडे बघत होता.

"डोळे मिटू?" क्लेमने विचारलं.

"मीट. मला मिटता यायचे नाहीत."

पातं हळूहळू वर सरकू लागलं. बर्नाडीन दारात उभी होती. बऱ्याच वेळाने क्लेमने एका बाजूचा गाल चाचपला. रक्त नव्हतं.

"डावीकडची राहिलीय," तो म्हणाला.

"तिकडेच निघालोय," एल्वुड म्हणाला. "हलू नकोस."