राजाची सुजलेली बोटे

कतारमध्ये माझ्याकडे स्वतंत्रपणे आलेले पहिले काम म्हणजे एका राजाच्या हाताची तपासणी. प्रदर्शनासाठी युरोपातल्या एका संग्रहालयाकडून आलेले ते बरोक काळातले चित्र मी क्ष-किरणांखाली ठेवले, तेव्हा रंगवलेल्या हाताखाली दुसराच हात दिसला: सडपातळ, नितळ. चित्रकाराने आधी तो रंगवला होता आणि नंतर त्यावर सुजलेल्या सांध्यांचा हात चढवला होता. राजदंड धरायचा, तर दुखऱ्या बोटांनीच. माझ्या अहवालाचा सगळा डोलारा या एका निरीक्षणावर उभा होता.

पुढे दोहाच्या वेस्ट बे भागातल्या आमच्या कार्यालयात प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारावरच्या फलकाचा नमुना आला. त्यावर 'शास्त्रीय पडताळणी' म्हणून माझी सही हवी होती. फलकावरच्या राजाची बोटे सडपातळ होती. डोळ्यांखालची सूजही गेली होती.

नमुना घेऊन मी आमच्या डिझायनरकडे गेले. हे रत्नागिरीचे वयस्क गृहस्थ. मी त्यांना चाचा म्हणते.

"हे करायला कोणी सांगितलं, चाचा?"

"सांगायला कशाला हवं, ताई? मोठ्या माणसाचा फोटो आला की आधी साफ करायचा. जुन्या शेठच्या टकलावर मी तीनदा केस उगवलेत."

मी क्ष-किरण प्रतिमा पुढे ठेवली. त्यांनी ती उजेडासमोर धरली.

"म्हणजे यानेपण आधी माझंच काम केलंन. मग स्वतःच मोडलंन." त्यांनी चष्मा पुसला. "द्या. परत सुजवतो."

हात आणि चेहरा, दोन्ही त्यांनी मूळपदावर आणले. आमच्या व्यवस्थापकांनी मात्र चेहरा पुन्हा साफ करायला लावला. "हात ठीक आहे, पण लोक राजा बघायला येतात, पेशंट नाही. यल्ला, चला, छपाईला पाठवा."

मी त्यांना सांगितले की राजसत्ता थकलेल्या डोळ्यांनी डळमळत नाही, हे त्या दरबारी चित्रकाराला कळले होते, आणि त्याचा अन्नदाता तर समोर बसला होता. आपल्याला कोणाची भीती आहे? मी सही नाकारली. माझ्या रकान्यात त्यांनी स्वतःची सही केली आणि पडताळणी झाली. जे तपासलेच नाही, त्याची पडताळणी.

फलक लागला त्या सकाळी चाचा शेजारी येऊन उभे राहिले. "अर्धा तरी वाचला, ताई."

हात खरोखरच सुंदर सुजला होता. मी त्यांना तसे सांगितले. मग वर कार्यालयात जाऊन माझा अहवाल, क्ष-किरण प्रतिमा आणि सही नाकारल्याची लेखी कारणे चित्र पाठवणाऱ्या संग्रहालयाला रवाना केली.