भिंतीबाहेरचा नळ

आम्ही चार निवृत्त माणसं संध्याकाळी लातूरच्या एका हॉटेलात चहाला बसतो. बाकीच्यांचे किस्से बँकेचे, कोर्टाचे, एसटीचे. माझे सगळे एकाच जागेचे, जवानांच्या ट्रेनिंग कॅम्पातले. ते सांगताना मला दर वेळी शंका येते, की हे असंच झालं होतं का मी सांगून सांगून असं करून ठेवलं? मित्र म्हणतात, "सर, तुम्ही नुसतं सांगा. शंका आम्ही घेऊ."

नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पाणीपुरवठा हा विषय शिकवण्यात माझी नोकरी सरली. त्यातच डॉक्टरेट, तरी घरचा नळ गळला की प्लंबर बोलवायचा. निवृत्त होऊन लातूरला आलो, तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. घरांवर पोरांच्या खोल्या चढत होत्या आणि खोल्यांवर टाक्या. त्याच सुमारास रेणापूर रोडच्या कॅम्पाचं पाणी आणि वीज एका खाजगी कंपनीकडे द्यायचं ठरलं. पंप, पाइप, खांब, सगळं! त्याचा नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं. नकाशात असेल त्याला मीटर बसणार, नसेल ते तोडणार, असा करार.

माझी झोप उडाली ती तिथं. भूकंपानंतर किल्लारीकडची काही कुटुंबं कॅम्पाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडात राहिली होती. तेव्हाच्या साहेबांनी भिंतीखालून पाइप काढून त्यांना एक नळ दिला. हुकूम तोंडी. साहेब बदलले, नळ राहिला. वस्तीला दुसरं पाणी नव्हतं. नकाशात दाखवावा तर मीटरचं बिल त्यांना झेपणारं नाही, न दाखवावा तर नळच जाणार.

त्या नळाचा कारभार काशीबाईंकडे. रांग त्या लावायच्या, भांडणं त्या मिटवायच्या. मी त्यांना अडचण समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजे तुमी नकाशात काडलाव तरी जातंय, न्हाई काडलाव तरी जातंय. मग येवढं शिकून काय केलाव, सर?"



*

कॅम्पात पाणी घड्याळावर सुटत नसे, बिगुलावर सुटे. पंपावरचे चाँदभाई कान देऊन बसायचे. बिगुल वाजला की व्हॉल्व्ह फिरवायचे. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

कंपनीचे मॅनेजर पाटणकर पुण्याहून आले, त्याच आठवड्यात एका सकाळी बराकींत पाण्याची धार करंगळीएवढी झाली. पाटणकरांनी टाकी पाहिली, पंप पाहिला, गळती शोधत अख्खी लाइन पालथी घातली. काही सापडेना. शेवटी घामाघूम होऊन ते चाँदभाईंसमोर उभे राहिले.

त्या दिवशी बिगुल नव्या जवानाकडे होता. अर्ध्यातच त्याचा दम संपला होता.

"आधाच बज्या, साब," चाँदभाई म्हणाले, "तो मैं बी आधाच खोल्या."

*

कॅम्पात बाहेरच्या माणसामागे बंदूकवाला जवान हवा, असा नियम. ताबा मिळायच्या आधीच कंपनीनं क्वार्टर्सना मीटर बसवले, पण नियम कसा बदलणार? रीडिंग घेणारा पुढे, बंदूक मागे, अशी वरात घरोघर फिरू लागली.

क्वार्टर्समधल्या बायकांना वाटलं, चोर पकडलाय. एका माउलीनं कीव येऊन त्याला चहा दिला आणि हळूच विचारलं, "क्या चुराया, भैया?"

तो म्हणाला, रीडिंग घ्यायला आलोय.

"हाँ, हाँ. सब यही बोलते हैं."

तीच वरात पुढं भिंतीबाहेरचा नळ बघायला वस्तीत गेली. काशीबाईंनी आधी बंदुकीकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. "येका नळाला बंदूक? दोन आसते तर तोफ आणली आसती व्हय?"

हसलो सगळे.  पण आता कंपनीच्या नजरेला नळ पडला होता.

*

पाटणकरांचा मुलगा बारावीला. त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, त्याचं फिजिक्स जरा बघाल का? क्लासला शंभर पोरांत तो मागच्या बाकावर असतो. फी तुम्ही म्हणाल ती."

मी घरी येऊन येरझाऱ्या घालू लागलो. ही लाच आहे का? नकाशासाठी आहे का? की बिचारा खरंच बाप म्हणून बोलला? नाही म्हणालो तर चिडून नळ तोडेल, हो म्हणालो तर मी विकला गेलो. जेवण गार झालं.

बायको ताट झाकत म्हणाली, "लाच ओळखायला एवढा वेळ लागतो, म्हणजे ती घेणं तुम्हाला जमायचं नाही. बसा जेवायला."

*

कंपनीला ताबा द्यायचा दिवस आला. नकाशात तो पाइप मी सकाळी पेन्सिलनं काढायचो आणि संध्याकाळी खोडायचो. शेवटच्या दिवशी पुन्हा खोडायला गेलो, तर नकाशातल्या भिंतीच्या पलीकडे कागदालाच भोक पडलं. दुसरी प्रत करायला वेळ नव्हता.

कमांडंट साहेब, पाटणकर आणि मी नकाशा धरून लाइनीनं चालत निघालो. भिंतीपाशी पाटणकर थांबले. नळाचं त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं, "डॉक्टर, पाइप इथं भिंतीत शिरतो. पुढं कुठं जातो?"

"पुढं," मी म्हणालो, "कागद नाही."

 कमांडंट साहेब गढवालचे, फार कमी बोलायचे. त्यांनी नकाशा घेतला, भोकातून बोट घालून पलीकडे काढलं आणि त्या बोटाकडे थोडा वेळ पाहिलं.

"यहाँ हमारी पोस्ट है," ते म्हणाले. "पोस्ट हैंडओवर नहीं होती."

तिथं कसली पोस्ट, कसला पहारा? पण दुपारपर्यंत झाली! नळाच्या दोन्ही बाजूंना वाळूची पोती आणि मध्ये पहाऱ्याला बंदूकवाला संत्री.

*

पाटणकरांनी हार मानली नाही. पोस्ट तुमची असेल, पाइप आमचा, करारात तोडायचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. कागदोपत्री ते बरोबरच होतं. पण तोडणार कोण? त्यांचे प्लंबर त्याच वस्तीतले. सगळ्यांना एकाच दिवशी ताप आला. मग ते स्वतः पाना घेऊन निघाले.

काय होतंय या काळजीनं मीही सकाळपासून रस्त्यापलीकडे उभा होतो. संत्री नवा, लांबच्या मुलखातला. त्याला हुकूम एवढाच, की हातात रिकामं भांडं असेल त्याला पोस्टजवळ येऊ द्यायचं आणि भांडं भरलं की बाहेर काढायचं. बाकी कुणीही आलं तर रोखायचं. त्यानं पाटणकरांना रोखलं. पाटणकरांनी करार दाखवला, कंपनीचं कार्ड दाखवलं, आवाज चढवला. संत्री समोर बघत राहिला.

पाटणकर जीपमधून परत गेले. मी सुटकेचा श्वास टाकतो तोवर जीप पुन्हा आली. या वेळी त्यांच्या हातात घरातलं मोठं पातेलं होतं, झाकणासकट.

संत्रीनं पातेलं पाहिलं आणि बाजूला झाला. पाटणकर बायांच्या मागं रांगेत उभे राहिले. रांग पुढं सरकेल तसे सरकत होते. 

त्यांचा नंबर आला. काशीबाईंनी त्यांच्या हातून पातेलं घेतलं, झाकण उचललं. आत पाना होता. त्यांनी तो बघितला, पाटणकरांकडे बघितलं आणि पातेलं तसंच नळाखाली धरलं. काठोकाठ भरल्यावर झाकण लावून त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवलं.

"जड हाय, सायेब. दमानं न्या."

संत्री पुढं आला. "भर गया? चलो, बाहर."