सात वर्षांच्या पोराचा आवाज

दुपार कलतानाची अस्रची नमाज आटोपून मी आमच्या लेकीच्या, झोयाच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते, तेव्हा माझ्या नवऱ्याचा, अल्ताफचा फोन आला. ड्युटीवर असताना ते सहसा फोन करत नाहीत. प्लांटमध्ये मोबाइल आत न्यायलाच बंदी, त्यामुळे गेटवर येऊन फोन केला म्हणजे काहीतरी घडलंय हे मला कळलंच. “नसीमा, पहिली खाली बस,” म्हणाले. मी कसली बसते! “अगो, समोरची सायोको वारली. केंजी घरी गेला तर किचनमध्ये पडलेली. अँब्युलन्सवाल्यांनी बघितलं नि सांगितलं, खलास.”

“अहो, सकाळीच तर भेटली मला...” हे एकच वाक्य मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले. सकाळी भेटलेलं माणूस संध्याकाळी मरत नाही, असा जणू कायदाच आहे. समोरच्या घरात गेले तर टोकियोला न्यायची बॅग दाराशी उभी होती, तिच्या हँडलला लाल रिबन बांधलेली. भाताचा कुकर अजून गरम होता. तिचा नवरा, केंजी-सान, बूट न काढता खुर्चीवर बसले होते. जपानी माणूस घरात बूट घालून बसलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मग मात्र माझा त्या बातमीवर विश्वास बसला. आता दीड महिना होत आलाय. अजूनही कंपाऊंडच्या गेटशी पोचले की माझा हात तिला हाक मारायला वर जातो.

सायोको कोण, हे सांगायला हवं. जपानमध्ये मुलांची एक कार्टून मालिका फार वर्षं चालू आहे. मासेमारांच्या वाडीतला सात वर्षांचा खट्याळ पोरगा, तोमे त्याचं नाव. त्या तोमेचा आवाज म्हणजे आमची सायोको. पन्नाशीला टेकलेली, नाजूक, चष्मा लावणारी बाई. नवरा इंजिनिअर म्हणून इथं सौदीत जुबैलला आला, तशी तीही आली. आणि दर दोन महिन्यांनी टोकियोला जाऊन चार-पाच भागांचं रेकॉर्डिंग एकदम उरकून यायची. तिचे केंजी-सान आणि आमचे अल्ताफ एकाच प्लांटवर. अल्ताफ दापोलीकडचे, मी श्रीवर्धनची. आमचं दोघींचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं, आणि इंग्रजी संपलं की हातवाऱ्यांत. ती बोलायची अगदी बारीक, वरच्या पट्टीत. व्हिडिओ कॉलवर माझ्या अम्मीनं तिला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, “ही बाय चिमणीसारकी बोलते गो! जेवते तरी काय?” जेवायची मात्र माणसासारखी. माझ्या हातची सांदणं तिनं एका बैठकीत किती संपवली, ते मी मोजलं नाही, कारण मैत्रिणीचं खाणं मोजू नये.

आपल्या कामाविषयी ती आपणहून कमी बोलायची, पण विचारलं की खुलायची. सुरुवातीला म्हणे तिला गर्दीतल्या बायका, मांजरं, एकदा तर कुरकुरणारं दार मिळालं होतं. दाराचं काम तिनं इतकं मन लावून केलं, की दिग्दर्शकानं पुढच्या खेपेला माणसाचं काम दिलं. स्टुडिओत आठ-दहा जणं, माइक तीन-चार. आपली ओळ आली की पुढं व्हायचं, संपली की मागं. आणि हे सगळं कुणाच्या कपड्याची सळसळ न होता, कागद उलटल्याचा आवाज न येता. म्हणून ती कायम मऊ सुती कपडे घालायची, हातात बांगडी नाही. मी ईदला काचेच्या बांगड्या दिल्या, तर त्या घालून आनंदानं दिवसभर किणकिण करत हिंडली नि रात्री काढून ठेवल्या. पोटात कावळे ओरडले तर माइक तेही पकडतो, म्हणून रेकॉर्डिंगआधी भाताचा एक लहानसा गोळा खायचा. “माझं पोट उपाशी असलं तरी चालेल,” म्हणायची, “तोमेचं ओरडता कामा नये.”

झोया तोमेची भक्त. खाली इंग्रजी अक्षरं येतात ती वाचत बघायची. समोरची आँटीच तोमे आहे हे कळल्यावर तिनं धोशाच लावला, “आँटी, प्लीज, जस्ट वन लाइन!” सायोको हसून टाळायची. त्यांच्या धंद्यात तसा दंडकच. आवाज बाईच्या तोंडातून निघताना मुलानं पाहिला की मुलाचा तोमे मेला. शेवटी एकदा झोया तापानं फणफणली, तेव्हा सायोको आली, मला म्हणाली, “पोरीच्या खोलीचं दार लाव,” आणि बाहेर उभी राहून तोमे झाली. औषध न पिणाऱ्या मुलीला तोमे जपानीत असा काही ओरडला, की आमच्या पोरीनं गपगुमान औषध घेतलं. मी दाराच्या बाहेर होते, सगळं डोळ्यांसमोर घडत होतं, तरी माझ्याच अंगावर काटा आला.

पण गेलं वर्षभर ती धास्तावलेली होती. आवाज जड होत चाललाय म्हणायची. या वयात होतो तसा. तिनं थंड पाणी सोडलं, एसी सोडला, म्हणजे जुबैलच्या उन्हाळ्यात हे काय दिव्य आहे ते इथं राहणाऱ्यालाच कळेल! वाळूचं वादळ उठलं की दोन-दोन मास्क. मी सुंठ-हळदीचा काढा करून द्यायचे, तो नाक न मुरडता प्यायची. अशात स्टुडिओतून फोन आला. फार गोड, फार आदबशीर. नव्या वर्षाच्या तयारीसाठी आपला आवाज पुन्हा एकदा ऐकायची इच्छा आहे, कृपया चाचणीला यावं. सायोको माझ्याकडे आली ती पांढरीफटक. “एकोणीस वर्षं मी तोमे आहे, नसीमा. आणि आता ते माझा आवाज ऐकून बघणार. आमच्याकडे ‘जा’ असं कुणी म्हणत नाही. असंच म्हणतात.” मी म्हटलं, “अगं, खरंच ऐकायचा असेल!” तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी उठून काढ्याचं पातेलं गॅसवर ठेवलं.

मग तिनं मौन धरलं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी न बोलण्याची तिची जुनी पद्धत होती, पण या वेळी पूर्ण आठवडा. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजण्यानं म्हणे घसा जास्त खराब होतो. दुपारच्या सुट्टीत केंजी-सान फोन करायचे, ती फोनवर नखानं दोनदा टकटक करायची. दोनदा म्हणजे सगळं ठीक. त्या सकाळी गेटवर ती मला भेटली, गळ्याला मफलर, बेचाळीस डिग्रीत! मी म्हटलं, “अशीच मुकी राहा, माझी पाळी तरी येते बोलायची.” ती पोट धरून हसली, आवाज न करता. दुपारी केंजी-सानना टकटक आली, दोनदा.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आम्ही सगळे घसा जपत बसलो होतो, तिनं तर घशापायी जिवाचं रान केलं होतं, आणि हे आलं दुसरीकडूनच. मला तिचा राग येतो. भयंकर राग येतो. समोरच्या घरात मी होते, तिच्या खिडक्या उघड्या होत्या, एक हाक मारली असती तर मी अनवाणी धावले असते. तिला दुखलं का, किती वेळ दुखलं, कुणालाच ठाऊक नाही. पण मला राहून राहून वाटतं, की ओरडावंसं वाटलं तेव्हाही तिनं आधी घशाचाच विचार केला असेल. तोमेसाठी.

कंपनीच्या माणसानं कागदपत्रांची धावपळ केली, केंजी-सान तिला घेऊन जपानला गेले. गेल्या आठवड्यात ते घर सोपवायला परत आले. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, जमा करून कायमचे जाणार. मी जेवण घेऊन गेले. त्यांनी ताट जवळ ओढलं नि म्हणाले, “स्टुडिओतले लोक अंत्यविधीला आले होते. नव्या वर्षात तोमे मोठा होणार आहे. सोळा वर्षांचा. आवाज फुटलेला.” मला काही समजेना. “तिचा जड झालेला आवाज त्यांच्या कानावर आला होता. तोच त्यांना हवा होता. दुसऱ्या कुणाला बोलावलंच नव्हतं.”

जो आवाज लपवायला ती आठवडाभर मुकी झाली, तोच ऐकायला तिला बोलावलं होतं! मी म्हटलं, “पण तिचा आवाज कुठं इतका जड होता? माझ्याशी तर चिमणीसारखी बोलायची.”

“आमच्याकडे बायका बाहेरच्यांशी मुद्दाम बारीक, वरच्या पट्टीत बोलतात,” केंजी-सान म्हणाले. “तिची तर हाडात मुरलेली सवय. फक्त माझ्याशी नाही.” त्यांनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि एक जुना व्हॉइस मेसेज लावला. भरदार, किंचित घोगरा, आळसावलेला आवाज. एखाद्या तरण्या मुलानं झोपेतून उठून बोलावं तसा. दोनच वाक्यं होती.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“येताना कांदे आण म्हणते. आणि मागच्या वेळेसारखे सडके नकोत.”

चार वर्षं जिच्याशी रोज बोलले, त्या माझ्या मैत्रिणीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. “परत लावा,” मी म्हणाले. त्यांनी लावला.